झिणझिण्या देणारा फ्रीज

जगात लोक घरात शिरताना चपला काढतात. बूटवाल्यांच्या घरी मात्र फ्रीज उघडण्याआधी चपला घालाव्या लागत.

फ्रीजसमोरच्या भिंतीला लागून त्या ओळीने मांडलेल्या असत. टायरच्या जाड रबराच्या, बोटं पूर्ण झाकणाऱ्या, लहानमोठ्या मापांच्या. पाहुणा पाणी घ्यायला उठला की बूटवाले बसल्या जागेवरून ओरडायचे, "अहो थांबा! चपला घाला आधी! कडेचा मोठा जोड तुमचा." पाहुण्याला वाटायचं, फरशी खराब होऊ नये म्हणून सांगत असतील. बिचारा अनवाणीच पुढे व्हायचा, दाराच्या दांडीला हात लावायचा आणि "आई गं!" करून मागे उडी मारायचा. बोटांपासून थेट कोपरापर्यंत झिणझिण्या! त्यावर बूटवाले शांतपणे म्हणायचे, "सांगितलं होतं ना. काही होत नाही. जरा गुदगुल्या करतो, एवढंच."

आता याला काय म्हणावं! करंटशी असली सलगी बरी नव्हे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सवय मोठी वाईट. त्या घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. बूटवाल्यांची बायको हात पुसून, चपला घालून, फ्रीजचं दार उघडून भाजी काढायची आणि चपला काढून पुन्हा ओट्याशी यायची. दिवसातून कितीदा तरी.

बूटवाले म्हणजे कोण, तर बाजाराच्या वळणावरचं बुटांचं छोटं दुकान ज्यांचं, ते. नवे जोड शिवायचे, जुन्यांना तळ लावून द्यायचे. खरं नाव बहुधा पोस्टमनलाच ठाऊक असेल. बाकी सगळ्या गल्लीला ते बूटवाले. हात असा, की एकदा त्यांनी घातलेला टाका चामडं फाटेल पण सुटायचा नाही. आणि स्वभाव असा, की घरात कसलीही दुरुस्ती निघाली तरी बाहेरचा माणूस बोलवायचा नाही. नळ गळू दे, कौल फुटू दे, खुर्चीचा पाय निखळू दे, हे आपले बाही सरसावून तयार. "लोकांना पैसे कशाला द्यायचे?" हा प्रश्न नव्हताच मुळी. परका माणूस आपल्या घराच्या भिंतीला हातोडी लावतो, हेच त्यांना सहन होत नसे.

घराची वायरिंगही त्यांचीच. लग्न झाल्यावर दोन खोल्या बांधल्या, तेव्हा एका ओळखीच्या मिस्त्रीच्या मागे मागे फिरून ते वायरिंग शिकले आणि भिंतींवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवरून वायर नेली. बायको तेव्हा नवी नवरी. अंधारात मेणबत्ती धरून शिडीखाली उभी राहायची आणि मेण हातावर सांडलं की वर बघून ओरडायची. पहिला बल्ब लागला तेव्हा दोघंही त्याच्याकडे बघत खुळ्यासारखी हसत बसली होती. ही गोष्ट बूटवाल्यांनी आल्यागेल्याला इतक्यांदा सांगितली होती, की शेजारची मुलंसुद्धा ती पाठ म्हणून दाखवत.

हे सगळं असंच चाललं असतं. पण गुंडी रांगायला लागली.

गुंडी म्हणजे बूटवाल्यांची नात. गोल, टणक आणि एका जागी न टिकणारी. लेक तिला घेऊन महिन्यातून एकदोनदा यायची. तोवर गुंडी कडेवर असायची किंवा पांघरुणावर उताणी पडून पाय झाडायची, त्यामुळे कुणाला घोर नव्हता. त्या रविवारी मात्र लेकीने तिला खाली ठेवलं आणि पायातले बूट काढायला वाकली, तोवर ही पोरगी टुणटुण करत स्वयंपाकघरात! फ्रीजचं पांढरं दार दिसलं आणि तिचे डोळे चमकले. एक हात वर करून ती पुढे झाली.

"धरा! धरा तिला!" एकाच वेळी तिघंही ओरडली. आजीच्या हातातलं भांडं सुटलं. बूटवाले पाटावरून उठतानाच अडखळले. शेवटी लेकीनेच झेप घेऊन गुंडीचा पाय पकडला आणि तिला मागे ओढलं. बोटं आणि दार यांच्यात तळहाताएवढंही अंतर उरलं नव्हतं. गुंडी खेळ थांबला म्हणून भोकाड पसरून रडायला लागली आणि लेक भीतीने.

"काही होत नाही गं," बूटवाले म्हणाले. "मोठ्या माणसाला जरासं..."

"बाबा, पुरे!" लेक इतक्या मोठ्याने पूर्वी कधी बोलली नव्हती. "तुमचं 'काही होत नाही' ऐकत मी मोठी झाले. मला चपला घालता येत होत्या. हिला येतात का? पुढच्या महिन्यात मी कामावर परत जाणार, हिला तुमच्याकडे ठेवणार, असं ठरलंय आपलं. या घरात ठेवू?"

"मी बघतो ना."

"तुम्ही बघू नका. फ्रीज बदला, वायरिंग बदला, नाहीतर मी हिला पाळणाघरात घालते. तिथे नाव नोंदवून ठेवलंय." डोळे पुसत तिने पिशवी उचलली. चहासुद्धा न घेता ती गेली.

गुंडी आता दिवसभर आपल्याकडे राहणार, या एका गोष्टीवर गेले काही महिने बूटवाले जगत होते म्हटलं तरी चालेल. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगून ठेवलं होतं. गल्ल्यामागे तिच्यासाठी एक मऊ गादी करून घेतली होती. पोटाशी कातडं घेऊन शिवत बसले की ते तिच्याशीच बोलत असल्यासारखे पुटपुटत. आता तीच पोर परक्या बाईकडे, परक्या पोरांत! त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर म्हणाले, "पोट भरलंय." तिने ताट झाकून ठेवलं.

पण माणूस जात्याच कारागीर. सकाळी उठून दुकानात गेले आणि दुपारपर्यंत काहीतरी शिवत बसले. संध्याकाळी एक पुडकं घेऊन थेट लेकीच्या घरी. जावयाने दार उघडलं, लेक आली. बूटवाल्यांनी पुडकं सोडलं. आत होते रबराचे दोन छोटे गोल, मागे नाडी, आत मऊ अस्तर.

"हे काय?" लेक म्हणाली.

"गुडघ्यांच्या चपला."

जावयाला खोकला आल्यासारखं झालं आणि तो आत पळाला. लेक मात्र हसू दाबत म्हणाली, "आणि हातांना?"

"हातमोजे शिवतो. माप घेऊन जातो आत्ता."

"आणि जीभ? बाबा, ही सगळं चाटते! जिभेला काय घालणार, मोजा?" असं म्हणताना तिला इतकं हसू आलं की ती भिंतीला टेकून बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने ते दोन गोल हातात घेतले, त्यांवरचे बारीक टाके बघितले आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हाला काळजी आहे हे मला कळतं. पण तुम्ही मुलीला रबरात गुंडाळताय, भिंत सोडून."

बूटवाल्यांना ते लागलं. दुसऱ्याच दिवशी जाऊन नवा फ्रीज घेऊन आले.

नवा फ्रीज उंच, करड्या रंगाचा आणि आवाज न करणारा. जुन्याला तीन माणसांनी बाहेर नेलं तेव्हा बायकोने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. नव्याला तीन पिनांचा प्लग होता. बूटवाल्यांनी ज्ञान पाजळलं, "ही जी जाड पिन, ती अर्थिंगची. गळणारा करंट हिच्यातून जमिनीत जातो, माणसात शिरत नाही. मला कळतं सगळं." मग बाजारातून तीन भोकांचा सॉकेट आणला, जुना काढला आणि पूर्वीच्या फ्रीजला जोडलेली अर्थिंगची तांब्याची तार उचलून नव्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला जोडली. काम अगदी नीट केलं. स्क्रू पुन्हा पुन्हा पिळून पाहिले. मग प्लग लावला, दिवा लागला, आत थंड वारा सुटला आणि बूटवाले विजयी मुद्रेने अनवाणी पुढे झाले.

"आई गं!"

बायको ओट्यापाशी उभी होती. तिने चपलांचा एक जोड पायाने त्यांच्याकडे सरकवला.

"फ्रीजच खराब दिलाय मेल्यांनी!" बूटवाले भडकले. दुकानदाराचा माणूस आला, फ्रीजला सगळीकडून मीटर लावून बघितला आणि म्हणाला, "फ्रीज एकदम ठणठणीत आहे. तुमच्या लाईनमध्ये गडबड आहे." तो गेल्यावर बूटवाले तणतणत राहिले, "म्हणे लाईनमध्ये गडबड! माझ्या लाईनमध्ये!"

"अहो, फ्रीज नवा आला, पण भिंत तीच आहे ना," बायको म्हणाली.

"अर्थिंग दिलेलं आहे मी. स्वतःच्या हातांनी."

"मग त्या हातांना विचारा, झिणझिण्या का आल्या ते."

या बाईच्या तोंडाला कुणी लागू नये हेच खरं. बूटवाले खाटेवर आडवे झाले आणि वर जाणाऱ्या लाकडी पट्टीकडे बघत पडले. आपलं कुठे चुकलं हे त्यांना कळेना, आणि महिना तर संपत आलेला. शेवटी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून विचारलं, "आपल्या पोरीची ती शाळेतली मैत्रीण, वायरमन झालेली, तिचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

बायकोकडे नंबर तयारच होता. कधीपासून होता हे तिने सांगितलं नाही.

वायरमनताई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. खांद्यावर पिशवी, कानामागे पेन्सिल आणि आवाज असा खणखणीत की गल्लीतल्या मांजरींनी कान टवकारावेत. तिने मेन बंद करून स्वयंपाकघरातला बोर्ड उघडला आणि आत डोकावली.

"काका, ही वायरिंग कुणी केली?"

"मी," बूटवाले म्हणाले. आता शिव्या पडणार म्हणून त्यांनी मान ताठ केली.

"लाईन काय सरळ टाकलीय हो! एक पट्टी वाकडी नाही, एक खिळा तिरका नाही. आमची पोरं अशी टाकत नाहीत."

बूटवाल्यांची छाती वीतभर पुढे आली.

"पण वायर मेलीय," ताईने बोटाने वायर जराशी वाकवली, तर वरचं रबर बिस्किटासारखं चुरचुरत खाली पडलं. "वय झालं तिचं. इथून करंट गळतो आणि शेजारच्या अर्थिंगच्या तारेतून थेट फ्रीजच्या अंगात शिरतो. आणि हे जोडावर काय गुंडाळलंय तुम्ही? टेप नव्हती?"

"टेप सुटते. चामडं आहे ते. वर टाके घातलेत."

ताईने टॉर्च जवळ नेली. खरंच, दोन वायरींच्या जोडावर चामड्याची पट्टी आणि तिच्यावर सुबक, एकसारखे टाके. "अगं बाई!" ती म्हणाली आणि मग खळखळून हसली. "करंटला टाके घालणारा माणूस मी आज बघितला. याचा फोटो काढते हं काका, घरी दाखवायला."

मग तिने मेन चालू करून एक बल्ब काढला. होल्डरला दोन वायरी जोडलेल्या होत्या. एक टोक तिने सॉकेटच्या एका भोकात घातलं, दुसरं दुसऱ्यात. बल्ब लख्ख लागला. मग दुसरं टोक काढून तिने तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकात घातलं. बल्ब लागला नाही. पुन्हा केलं, तरी नाही.

"अर्थिंग नाही, काका."

"नाही कसं? तार तुमच्या डोळ्यांसमोर आहे."

"तार आहे. ती कुठे जाते?"

"नळाच्या लोखंडी पाइपला! पाइप जमिनीत खोल गेलाय. त्या काळी सगळे तसंच करायचे. चला, दाखवतो." बूटवाले ताडताड पाय आपटत मागच्या दाराने बाहेर पडले. मागोमाग ताई आणि हात पुसत बायको.

घरामागे भिंतीला लागून पाण्याचा पाइप होता. त्यावर कमरेएवढ्या उंचीवर एक पितळी पट्टी आवळलेली आणि तिच्यातून तांब्याची तार भिंतीत गेलेली. पट्टी अशी चकाकत होती की तिच्यात तोंड दिसावं. "बघा," बूटवाले म्हणाले. "दरवर्षी घासून पुसून वर पॉलिश मारतो मी हिला. गंज म्हणून लागू दिला नाही. असं अर्थिंग दाखवा कुणाकडे."

"छान ठेवलंय," ताई म्हणाली. तिने पट्टी हलवून पाहिली, ती जागची हलली नाही. मग तिची नजर पाइपवरून हळूहळू खाली सरकली आणि तिथेच थांबली. पट्टीच्या खाली हातभर अंतरावर लोखंड संपलं होतं. तिथून पुढे पांढराशुभ्र प्लास्टिकचा पाइप सुरू होत होता आणि तोच जमिनीत गेला होता.

"काका, हा खालचा पाइप कुणी बदलला?"

"तो मीच. लोखंडी गंजला होता, पाणी लाल यायचं. म्हणून खालचा सगळा काढून टाकला आणि मस्तपैकी प्लास्टिकचा..."

बूटवाल्यांचं बोलणं तिथेच थांबलं. त्यांनी पट्टीकडे बघितलं. मग पांढऱ्या पाइपकडे. मग पुन्हा पट्टीकडे. प्लास्टिकमधून करंट जात नाही, हे चार लोकांना शिकवत फिरणारा हा माणूस, आणि त्याने स्वतःच स्वतःच्या घराचं अर्थिंग कापून ठेवलं होतं! वर दरवर्षी त्या लटकत्या पट्टीला पॉलिश! दिव्याखाली अंधार म्हणतात तो यापेक्षा वेगळा काय असणार?

"अहो," बायको सावकाश म्हणाली, "नळाला स्वच्छ पाणी यायला लागलं ना, त्याच वर्षी तुम्ही मला पहिली चप्पल शिवून दिली होती फ्रीजची."

ताईने आपल्या पिशवीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. आता म्हातारा चिडणार की रडणार, याचा तिला अंदाज येईना.

बूटवाले मागच्या पायरीवर मटकन बसले. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मग पोट हलायला लागलं. आणि मग ते असे काही हसत सुटले की त्यांना श्वास घेता येईना. "पॉलिश!" एवढाच शब्द मधूनमधून त्यांच्या तोंडातून निघत होता. "पॉलिश मारत होतो गं मी! ब्रशने!" ते बघून ताई हसली, बायको हसली, आणि कुंपणापलीकडची शेजारीण काय झालं ते कळत नसतानाही हसायला लागली.

हसू ओसरल्यावर त्यांनी बायकोचा हात धरला. झिणझिण्या सोसलेला तोच हात. "अगं, चुकलो मी. तू कितीदा म्हणालीस कुणाला तरी दाखवा, आणि मी तुला चपला शिवून देत राहिलो."

"चपला चांगल्या होत्या हो," ती म्हणाली. "पण आता पुरे झाल्या."

पण खरी कसोटी पुढेच होती. ताईने स्पष्ट सांगितलं: जमिनीत नवं अर्थिंग घालायचं, फ्रीजला वेगळी लाईन द्यायची आणि भिंतीवरची सगळी जुनी वायर काढायची. ठिगळं लावून चालायचं नाही. बूटवाल्यांनी हो हो म्हटलं, शिडी आणली, पक्कड हातात घेतली, वर चढले आणि तिथेच थिजले. डोळ्यांसमोर त्यांनी स्वतः ठोकलेली लाकडी पट्टी. सरळसोट. हिच्याखाली मेणबत्ती घेऊन कोण उभं होतं ते त्यांना आठवत होतं. एवढं एक तरी काम आयुष्यात बिनचूक केलंय, असं ते स्वतःला सांगत आले होते. खाली ताईने शिडी धरून ठेवली. तिलाही कळत होतं.

मग खालून बायकोचा आवाज आला, "अहो, जपायचं कुणाला? पट्टीला की पोरीला?"

बूटवाल्यांनी पक्कड पट्टीत घातली आणि जोर लावला. कर्र आवाज करत पट्टी भिंतीवरून सुटली आणि त्यांच्या डोक्यावर चुना पडला. "पुढची!" ते म्हणाले. त्यानंतर ते थांबलेच नाहीत. ताईला शिडीवर चढायलाच मिळेना. "काका, मजुरी तुम्हालाच द्यावी लागेल आता," ती म्हणाली, तेव्हा कुठे ते खाली उतरले.

बायको मात्र मध्येच कुठेतरी गेली आणि फोन करून परत आली. कुणाला फोन केला, हे कामाच्या धांदलीत कुणी विचारलं नाही.

अर्थिंगसाठी घरामागे खड्डा हवा होता. तो बूटवाल्यांनीच खणला, कुणाला कुदळीला हात लावू दिला नाही. घामाने निथळत होते, पण तोंडाने शीळ चालू. कुंपणावरून शेजारणीने विचारलं, "काय पुरताय एवढं खोल?"

"माझा शहाणपणा!" ते ओरडून म्हणाले.

खड्ड्यात तांब्याची जाड कांब उभी राहिली, भोवती कोळसा आणि मीठ पडलं, वर पाणी ओतलं. घरात नव्या वायरी पाइपांतून गेल्या आणि मेनपाशी एक नवा स्विच बसला. ताईने समजावलं, "जरासाही करंट भलत्या वाटेने गेला ना काका, की हा स्वतःच पडणार. लाईट बंद. माणूस सुखरूप. हे बटण दाबून बघा." बूटवाल्यांनी भीत भीत बटण दाबलं. खट्! घर अंधारात. ते दचकून मागे सरले. स्विच वर केला, लाईट आले. पुन्हा बटण दाबलं. खट्! मग पुन्हा. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"अहो, झिजवून टाकाल तो," बायको म्हणाली.

ताईने बल्ब सॉकेटच्या अर्थिंगला लावला. क्षणभर तो पेटला आणि लगेच खट् करून मेन पडला. "बघा," ती म्हणाली, "आता तुमच्या घराला पाय आले. जमिनीवर उभं आहे." बूटवाल्यांनी फ्रीजचा प्लग लावला, फरशीवर पाणी शिंपडलं, अनवाणी त्यात उभे राहिले आणि ओल्या हातांनी दार धरलं. आधी एका हाताने. मग दोन्ही हातांनी. काही नाही. मग गाल टेकवला. गार लागलं, एवढंच. बायकोने डोळे मिटून हात लावला, एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि दार उघडून तिने उगाचच सगळी भाजी बाहेर काढली आणि पुन्हा आत ठेवली.

रविवारी लेक यायची होती. सकाळपासून बूटवाल्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. फ्रीज चांगला होता, वायरिंग चांगली होती, पण आपल्या शब्दाला घरात काय किंमत उरली आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. 'काही होत नाही' हे ते जन्मभर म्हणत आले. आता खरंच काही होत नसताना ते कसं सांगायचं? तिने नुसतं बघून मान हलवली आणि पाळणाघरच बरं म्हणाली तर? दारापाशी जाऊन ते दोनदा परत आले. तिसऱ्यांदा गेले तर लेक समोर उभी.

ती आली, गुंडी कडेवर. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. बूटवाले नुसते बाजूला झाले. लेकीने बूट काढले, मोजे काढले, नळाखाली हात ओला केला आणि तळहात फ्रीजला टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग वाकून तिने गुंडीला खाली ठेवलं.

गुंडी टुणटुण करत निघाली. या वेळी कुणी ओरडलं नाही. तिने फ्रीजचं दार गाठलं, त्याला धरून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी धपाधप मारायला लागली. आवाज मजेदार येत होता म्हणून आणखी जोरात मारलं. मग तोंड पुढे करून तिने दार वरपासून खालपर्यंत चाटलं. काही नाही! आजीचा जीव भांड्यात पडला. बूटवाले श्वास घ्यायचंच विसरले होते.

लेक उठून बाहेर गेली. बूटवाल्यांना वाटलं, झालं, ही निघाली. पण ती दारात ठेवलेली भलीमोठी पिशवी घेऊन आत आली आणि ती तिने ओट्यावर रिकामी करायला घेतली. गुंडीचे कपडे, वाटी, चमचा, दुधाची बाटली, झोपताना लागणारं फडकं.

"हे सगळं आज आणलंस?" बूटवाले म्हणाले. "फ्रीज बघायच्या आधीच?"

"पाळणाघराला मी मागच्या आठवड्यातच नाही म्हणून सांगितलं, बाबा."

"मागच्या आठवड्यात? तेव्हा तर काम अर्धंसुद्धा झालं नव्हतं."

लेक बाटली धुवायला नळाशी गेली. मागे न बघता म्हणाली, "आईने फोन केला होता. म्हणाली, बाबांनी पहिली पट्टी स्वतःच्या हाताने उपटली. मग मला आणखी काय बघायचं होतं?"

तोवर गुंडी फ्रीज सोडून त्यांच्या पायाशी आली आणि त्यांची विजार धरून वर चढायला बघू लागली. ते खाली बसले, तिला मांडीवर ओढून घेतलं आणि बाहीने डोळे पुसत विचारलं, "उद्या सकाळी किती वाजता आणतेस हिला?"